सलामी कोणाला दिली जाते?

२६ जानेवारी १९५० रोजी दिल्लीच्या आयर्विन स्टेडियमवर प्रजासत्ताक भारताचे पहिले संचलन झाले. त्या मैदानावर उभ्या असलेल्या तुकड्यांतील कितीतरी जवानांनी आणि अधिकाऱ्यांनी आपली लष्करी सेवा ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेऊन सुरू केली होती. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही सुमारे अडीच वर्षे देशाचा गव्हर्नर जनरल हा नावापुरता का होईना, राजाचाच प्रतिनिधी होता. त्या दिवशी मात्र त्या सैन्याने ज्यांना मानवंदना दिली, ते डॉ. राजेंद्रप्रसाद संविधान सभेने निवडून दिलेले एक नागरिक होते. शस्त्र बाळगणाऱ्यांनी आपले शस्त्र शिस्तीने पुढे धरून नि:शस्त्र नागरिकापुढून चालत जावे, आणि असे करताना हे शस्त्र तुमच्या आज्ञेत आहे अशी ग्वाही द्यावी, हा संचलनाचा खरा अर्थ आहे. राष्ट्रपती, राज्यपाल किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी पालकमंत्री व्यासपीठावर उभे राहून सलामी स्वीकारतात ती आपल्या वतीने. सलामीचा मूळ मानकरी मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस आहे.

हा माणूस त्या दिवशी काय करतो, हा माझा प्रश्न आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तो विचारणे मला अधिक आवश्यक वाटते, कारण राष्ट्रीय सणाची सर्वांत तेजस्वी परंपरा याच मातीत आहे आणि त्या परंपरेचा अर्धाच भाग आपण आज सांभाळतो आहोत.

जो भाग आपण सांभाळतो, त्याविषयी मला मनापासून आदर आहे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. साताऱ्यात सैनिकी परंपरा घराघरांत नांदते. अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणाचा फलक गावात आजही आहे. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली ती साताऱ्यातच. जावळी तालुक्यातील केडंबे गावचे सुपुत्र तुकाराम ओंबळे यांनी मुंबईत गिरगाव चौपाटीवर रिकाम्या हातांनी दहशतवाद्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, आणि २००९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी कठोर प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ मध्ये लष्करी अधिकाऱ्याचा गणवेश चढवला. अशा जिल्ह्यात पोलीस, गृहरक्षक दल, राष्ट्रीय छात्रसेना आणि शाळांची पथके ताल धरून चालू लागतात, तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांत जे पाणी येते ते खरे असते. ज्या घरातील मुलगा सियाचीनला किंवा राजौरीला आहे, त्या घरासाठी हा दिवस केवळ सुटीचा नसतो. संचलन म्हणजे निव्वळ दिखावा, त्यावरचा खर्च वाया, असे म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. मला ते मान्य नाही. समूहाने एकत्र येऊन आदर व्यक्त करण्यासाठी काही ठरलेली रीत लागतेच, आणि ती रीत देखणी असावी यात गैर काही नाही.

तरीही २६ जानेवारी हा सेनादिन नव्हे. सैन्याचा स्वतंत्र दिवस १५ जानेवारीला असतो. २६ जानेवारी ही तारीख निवडली गेली ती १९२९ च्या डिसेंबरात लाहोर येथे झालेल्या पूर्ण स्वराज्याच्या ठरावामुळे. त्या ठरावानंतर २६ जानेवारी १९३० रोजी देशभर गावोगावी सभा झाल्या आणि स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली. त्यानंतर दर वर्षी हा दिवस पाळणे म्हणजे तुरुंगाची तयारी ठेवणे असे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या यशवंतराव चव्हाणांना १९३२ मध्ये तिरंगा फडकवल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. याच विद्यार्थ्याने पुढे तीस वर्षांनी, चीनच्या आक्रमणानंतर, देशाचा संरक्षणमंत्री म्हणून काम हाती घेतले. म्हणजे संविधान अमलात येण्यापूर्वीची वीस वर्षे २६ जानेवारी हा सामान्य माणसाने स्वतः काहीतरी करण्याचा दिवस होता. त्याने जमायचे, बोलायचे, प्रतिज्ञा घ्यायची आणि तिची किंमत मोजायची. संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेले संविधान पुढची दोन महिने वाट पाहून २६ जानेवारीलाच लागू केले, ते याच दिवसाचा मान राखण्यासाठी.

साताऱ्याने तर या तारखेच्याही पुढे धाव घेतली होती. खटाव तालुक्यातील औंध हे सुमारे बहात्तर गावांचे छोटे, विखुरलेले संस्थान. आटपाडी आणि कुंडल हे आज सांगली जिल्ह्यात असलेले भागही त्यात होते. १९३९ च्या जानेवारी महिन्यात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले गांधीवादी अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी खटपट केली, सेवाग्रामला जाऊन गांधीजींचा सल्ला घेतला, आणि घटनेचा पाया गावच्या निवडून आलेल्या पंचायतीवर ठेवला. गावातले तंटे गावातच मिटवायचे, शाळेची, पाण्याची, रस्त्याची व्यवस्था गावाने पाहायची, आणि गावांनी निवडलेल्या लोकांतून वरची सभा उभी राहायची, अशी ती रचना होती. आटपाडीजवळ याच काळात स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीविना वसाहत उभी राहिली आणि ती आजही आहे. भारताचे प्रजासत्ताक जन्माला येण्याच्या अकरा वर्षे आधी या माणदेशी पट्ट्यातील शेतकऱ्याने आपला कारभार आपल्या हाताने चालवून पाहिला होता, ही गोष्ट आमच्या शाळांतील मुलांना प्रजासत्ताक दिनाच्या भाषणांतून ऐकायला मिळत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

औंधच्या पाठोपाठ प्रतिसरकार आले. १९४२ च्या ऑगस्टपासून तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावला ३ सप्टेंबर रोजी कचेरीवर तिरंगा चढला. ९ सप्टेंबर रोजी वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी गोळीबारात हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे यांनी प्राण दिले. आज ज्या तहसील कार्यालयांवर शासकीय इतमामाने ध्वज फडकतो, त्यांतल्या काहींच्या अंगणात हा ध्वज लावण्याच्या प्रयत्नात माणसे मेली आहेत. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली शेकडो गावांत समांतर कारभार उभा राहिला. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या कुंडलमध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे प्रशिक्षण चाले. तरुणांना कवायत शिकवली जाई, शिस्त लावली जाई. त्याच वेळी गावोगावी न्यायदान मंडळे बसत, सावकारांनी लाटलेल्या जमिनी सोडवल्या जात, दारूला आणि दरोडेखोरांना आळा घातला जाई, आणि हुंडा-मानपान टाळून अत्यल्प खर्चात गांधी विवाह लावले जात. हौसाताई पाटील, लीलाताई पाटील, इंदुताई पाटणकर यांच्यासारख्या स्त्रियांनी या कामात जिवाची जोखीम पत्करली. प्रतिसरकारने दिलेल्या काही शिक्षा क्रूर होत्या, आणि आजच्या कायद्याच्या राज्यात त्यांचे समर्थन करता येणार नाही. ते झाकून हा इतिहास सांगू नये असे मला वाटते. पण एक गोष्ट त्यातून निर्विवाद दिसते. या चळवळीला कवायत आणि सभा या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटत होत्या. तुफान सेनेची रांग ज्यांच्या रक्षणासाठी होती, ते लोक पारावर बसून आपले निर्णय घेत होते. त्यांनी निर्णय घेतलेच नसते, तर रांगेला काही प्रयोजन उरले नसते.

आता या दोहोंतली सभा कुठे आहे ते पाहू. संविधानाच्या अनुच्छेद ४० ने ग्रामपंचायती उभारण्याचे निर्देश दिले, आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने ग्रामसभेला थेट संविधानात स्थान दिले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. त्याला निवडून यावे लागत नाही, कोणी त्याची नेमणूक करत नाही, आणि तो जिवंत व मतदार असेपर्यंत हे सदस्यत्व जात नाही. आपल्या संपूर्ण राज्यव्यवस्थेत नागरिक प्रतिनिधीविना स्वतः बसतो अशी ही एकमेव घटनात्मक सभा आहे. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी त्या घेण्याचा प्रघात अनेक वर्षांचा आहे. हे चार दिवस ज्या कोणी निवडले, त्याने राष्ट्रीय सण आणि गावचा कारभार यांची गाठ जाणीवपूर्वक बांधली होती, असे मी मानतो. सकाळी ध्वजाला वंदन करायचे आणि त्याच अंगणात बसून त्या ध्वजाने दिलेला अधिकार वापरायचा, अशी ती कल्पना आहे.

प्रत्यक्षात काय होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. प्रभातफेरी निघते, शाळेत आणि ग्रामपंचायतीत ध्वजवंदन होते, मुलांची भाषणे व लेझीम होते, जिलेबीचे पुडे वाटले जातात, आणि साडेनऊ-दहापर्यंत अंगण रिकामे होते. ग्रामसभेची वेळ झाली की सरपंच, ग्रामसेवक, चार-दोन सदस्य आणि तक्रार घेऊन आलेले काही जण उरतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने पुढच्या वेळी मोजक्या माणसांत सारे विषय मंजूर होतात. काही ठिकाणी तर नोंदवही नंतर घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले, वित्त आयोगाच्या निधीतून घ्यावयाच्या कामांना मंजुरी दिली, घरकुलाची यादी कायम केली, आयत्या वेळचे विषय नाहीत: अशा ओळींत गावाचे वर्ष संपते. घरकुल कोणाला मिळाले, वस्तीवरच्या रस्त्याचे पैसे कुठे वळले, नळ योजनेचे पाणी वरच्या आळीला का चढत नाही, यावर वर्षभर पारावर आणि चहाच्या टपरीवर तावातावाने बोलणारे लोक, ज्या एका ठिकाणी त्यांच्या बोलण्याला कायद्याचे बळ आहे, त्या ठिकाणी येत नाहीत.

लोकांना सभेची सवयच नाही, असे यावर सांगितले जाते. हे मला पटत नाही. याच गावांत यात्रेच्या आधी देवळात बैठक बसते तेव्हा मुंबईचे चाकरमानीसुद्धा गाडी करून येतात. वर्गणी दर घरी किती, पालखीचा मार्ग कोणता, तमाशा आणायचा की कुस्त्यांच्या इनामात वाढ करायची, मागच्या वर्षीचा हिशेब कोणाकडे राहिला, यावर मध्यरात्रीपर्यंत चर्चा चालते आणि शेवटी एकमताने निर्णयही होतो. सभा चालवण्याचे, भांडून पुन्हा एकत्र बसण्याचे कौशल्य आमच्या गावांत भरपूर आहे. जिथे आपल्या शब्दाने काही बदलेल असा विश्वास असतो तिथे माणसे रात्र जागवतात. ग्रामसभेविषयी तो विश्वास उरलेला नाही, आणि तो का उरला नाही याची जबाबदारी कारभारी मंडळींइतकीच, ठराव झाल्यावर त्याची अंमलबजावणी न करणाऱ्या वरच्या यंत्रणेवरही आहे.

या ठिकाणी माझ्याच म्हणण्यावर एक फार मोठा आक्षेप उभा राहतो, आणि तो साताऱ्याशी जोडलेल्या एका थोर माणसाचा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील राजवाड्यामधील शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाचा प्रवेश नोंदला गेला. तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना खेड्याविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, संविधानाने व्यक्तीला घटक मानले याचा आपल्याला आनंद आहे, असा त्यांचा आशय होता. ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी मिळाले नाही, त्याने गावाच्या सामूहिक शहाणपणावर विश्वास का ठेवावा? या प्रश्नाला बगल देऊन ग्रामसभेचे गोडवे गाणे अप्रामाणिक ठरेल. गावाचे एकमत हे पुष्कळदा बळकट घरांचे एकमत असते. वस्तीवरची बाई उभी राहून बोलू लागली की तिला हळूच खाली बसवणारे आवाज आजही निघतात. पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असूनही सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांचे यजमान कारभार हाकताना दिसतात.

परंतु हाच आक्षेप मला ग्रामसभेच्या बाजूने नेतो. संविधानाने ग्रामसभा घडवली ती व्यक्तीला घटक धरूनच. तिथे आळी, भावकी किंवा जात यांना मत नाही; मत आहे ते मतदारयादीतल्या नावाला. देवळातल्या यात्रेच्या बैठकीत मानपानाचा क्रम परंपरेने ठरतो, ग्रामसभेत तो लागू होत नाही. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, आणि तिथे झालेले ठराव मुख्य सभेपुढे यावेत अशी अपेक्षा आहे. दुबळ्या माणसाला गावात लेखी नोंद मागण्याचा हक्क देणारी ही जागा आहे, आणि ती रिकामी राहते तेव्हा सर्वांत जास्त नुकसान त्याचेच होते. बळकट घरांचे काम सभेविना अडत नाही. त्यांचे फोन वर लागतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की २६ जानेवारीपासून राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असेल, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक ही लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील. प्रजासत्ताक दिनाचे यापेक्षा नेमके वर्णन मला माहीत नाही. त्या दिवशी आपण जी विसंगती अंगावर घेतली, तिचा आढावा त्याच दिवशी घेणे हे त्या इशाऱ्याला दिलेले सर्वांत साधे उत्तर ठरेल.

हा आढावा किती जवळचा असू शकतो, याचे एकच उदाहरण सांगतो. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात वीरमाता आणि वीरपत्नी यांना पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ दिले जाते, आणि ते योग्यच आहे. हा काळ बहुतेक वर्षी संक्रांत ते रथसप्तमी या हळदीकुंकवाच्या दिवसांत येतो. ज्या बाईला सकाळी सारे गाव उभे राहून मान देते, तिलाच संध्याकाळी शेजारच्या घरच्या हळदीकुंकवाचे बोलावणे नसते, अशी उदाहरणे आमच्या भागात शोधावी लागत नाहीत. शहीद जवानाच्या पत्नीला राष्ट्राने दिलेला सन्मान तिच्या आळीच्या उंबऱ्यावर थांबतो. आता इथे संचलन काय करू शकेल? काहीही नाही. पण शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून पतीच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचे ठरवले, आणि त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने हा ठराव अनुकरणीय मानून इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. ठरावाने प्रथा एका दिवसात संपत नाही, हे खरे. पण ज्या सासरच्या माणसांना प्रथा मोडायची इच्छा आहे आणि गाव काय म्हणेल म्हणून धीर होत नाही, त्यांच्या हातात गावाचाच लेखी शब्द येतो. एका गावच्या ग्रामसभेने वीरपत्नींसाठी आणि त्यांच्यासारख्या हजारो विधवांसाठी हे केले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एकत्र बसून ठरवले की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यास करायचा. या निर्णयासाठी वरून आदेश आला नव्हता, निधी आला नव्हता. गाव जमले आणि गावाने ठरवले.

यावर काही जण म्हणतील की राष्ट्रीय सण हा भावनेचा दिवस आहे. त्या दिवशी गटार, घरकुल आणि थकबाकी यांवरून भांडणे होऊ लागली तर दिवसाचे पावित्र्य जाईल. ही भावना मी समजू शकतो. पण देशाविषयीचे प्रेम आणि गावच्या गटाराविषयीची काळजी या दोन गोष्टी एकमेकींपासून इतक्या दूर आहेत, ही समजूतच मला धोक्याची वाटते. नियमाने, अध्यक्षांच्या परवानगीने, एकमेकांचे ऐकून घेत केलेले भांडण हेच तर आपल्याला १९५० साली मिळाले. त्याआधी अर्ज करता येत असे, विनंती करता येत असे. जाब विचारता येत नसे. वडूजच्या कचेरीपुढे गोळ्या खाणाऱ्यांना नेमके हेच हवे होते, आणि त्यांच्या स्मारकाला हार घालून झाल्यावर तासभर बसून गावचा जमाखर्च तपासल्याने त्यांच्या स्मृतीचे पावित्र्य कमी होईल, असे मला क्षणभरही वाटत नाही.

मुलांचा विचार तर वेगळ्याने केला पाहिजे. शाळांत २०२० पासून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होऊ लागले, ही चांगली गोष्ट आहे. चौथीतला मुलगा ‘सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय’ हे शब्द न अडखळता म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला बरे वाटते. परंतु त्या मुलाने हे शब्द कुठेतरी वापरात असलेले पाहिलेही पाहिजेत. सातवी-आठवीपासूनच्या मुलांना ग्रामसभेत मागे बसून ऐकू द्यावे. आपली आई उठून पाणीपट्टीच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारते आणि सरपंचांना उत्तर द्यावे लागते, हे ज्या मुलीने पाहिले, तिला नागरिकशास्त्राचा तो धडा पुन्हा शिकवावा लागणार नाही. सध्या मुलांच्या वाट्याला येते ते उन्हात तासन्‌तास उभे राहणे, पाहुण्यांच्या उशिराची वाट पाहणे आणि एकामागून एक भाषणे. भाषणांना काटेकोर वेळ असावी, आणि पाहुणे उशिरा आले तर कार्यक्रम त्यांच्याविना सुरू व्हावा, एवढे तरी शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी ठामपणे करावे.

ध्वजाविषयी थोडेच सांगायचे आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत अधिकार मानला, आणि २०२२ च्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत लाखो घरांवर तो चढला. त्याआधी काही महिने ध्वजसंहितेत बदल करून यंत्रावरच्या पॉलिस्टर ध्वजालाही मान्यता देण्यात आली. ज्या हातमागाच्या खादीवर हुबळी-धारवाड आणि नांदेड येथील कारागिरांचे पोट चालते, तिला त्यामुळे बसलेला फटका मला अस्वस्थ करतो. निदान ग्रामपंचायती, शाळा आणि सहकारी संस्था यांनी तरी खादीचाच ध्वज घ्यावा, मग किंमत जास्त असली तरी चालेल.

आता करण्याजोग्या गोष्टींकडे येतो. जिल्हा प्रशासन संचलनाची तयारी आठवडे आधी सुरू करते; सराव होतो, पासांचे वाटप होते, चित्ररथांचे विषय ठरतात. त्याच्या निम्मी काळजी तरी त्या दिवशीच्या ग्रामसभांसाठी घेतली जावी. विषयपत्रिका आठवडाभर आधी चावडीवर आणि गावच्या मोबाईल गटांवर लागावी. ग्रामसभेची वेळ ध्वजवंदनाला लागूनच असावी, म्हणजे अंगण रिकामे होण्याआधी ती सुरू होईल. मागच्या ग्रामसभेत झालेल्या प्रत्येक ठरावाचे पुढे काय झाले, हे पहिला विषय म्हणून वाचले जावे, आणि ठराव पंचायत समितीत किंवा अन्य कार्यालयात अडला असेल तर ज्या टेबलावर अडला त्याचा उल्लेख इतिवृत्तात व्हावा. पालकमंत्र्यांनी मुख्य समारंभ आटोपल्यावर जिल्ह्यातील एखाद्या ग्रामसभेत सामान्य श्रोता म्हणून बसावे. त्या दिवशी त्यांनी आपल्या वतीने सलामी स्वीकारलेली असते, आणि ती ज्यांची आहे त्यांच्यामध्ये जाऊन बसणे हा तिचाच पुढचा भाग आहे. माजी सैनिकांना प्रत्येक ग्रामसभेत आवर्जून बोलवावे. शिस्तीने बसणे, वेळ पाळणे आणि हिशेब चोख ठेवणे यांचे शिक्षण त्यांनी आयुष्यभर घेतलेले असते, आणि अपशिंग्यासारख्या गावांत अशा माणसांची कमतरता नाही.

एका बाबीकडे मात्र अजून कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. २६ जानेवारीला कराड, वाळवा, पलूस, कोरेगाव या पट्ट्यात ऊस तोडणीचा हंगाम भरात असतो. बीड, अहिल्यानगर, आणि सांगलीच्याच जत तालुक्यातून आलेल्या मजुरांच्या टोळ्या शिवारात कोप्या म्हणजे तात्पुरत्या झोपड्या घालून राहिलेल्या असतात. ही माणसे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. त्यांच्या गावच्या पुढील वर्षाच्या आराखड्याची चर्चा नेमकी याच हिवाळ्यात होते, म्हणजे आराखडा ठरवणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या ग्रामसभेत त्यांना बसता येत नाही. आणि ज्या गावच्या शिवारात ती पाच-सहा महिने राबतात, त्या गावच्या मतदारयादीत त्यांचे नाव नसते. प्रजासत्ताकाच्या दिवशी त्यांना कुठल्याच सभेत बसता येत नाही. पहाटे तीनला फडात गेलेल्या बाईला सकाळी ध्वजवंदनासाठी उसंत कुठून मिळणार? त्यांच्या गावच्या ग्रामपंचायतींनी आराखड्याची ग्रामसभा टोळ्या निघण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच घ्यावी. आणि आमच्या बागायती गावांनी २६ जानेवारीच्या विषयपत्रिकेवर कोप्यांना पिण्याचे पाणी, रात्रीचा उजेड, बायकांसाठी शौचालय आणि मुलांचा शाळाप्रवेश हा विषय घ्यावा, मुकादमाला वगळून टोळीतल्या दोन-चार बायका-पुरुषांना समोर बोलवावे, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि गावच्या मतदारांनी त्यावर आपला ठराव करावा. हंगाम संपायला त्यानंतर दोन महिने उरलेले असतात. नळाची जोडणी कोप्यांपर्यंत न्यायला तेवढा वेळ पुरतो.